वातास अनावृत पत्र

वाता,

डॉक्टर तुला डिलिरियम म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ, नांगराचं तास सोडून भरकटणं. कपाशीच्या यवतमाळ जिल्ह्याला तो समजावून सांगावा लागत नाही. बैलानं तास सोडलं की शेतकरी आधी त्याचा खांदा सोललाय का ते पाहतो. माणसानं सोडलं की मात्र आम्ही म्हणतो, ‘साठी बुद्धी नाठी’, नाहीतर ‘बाहेरचं लागलं’.

तिथंच तुझं फावतं. स्मृतिभ्रंश बहुधा वर्षानुवर्षं झिरपत येतो. तू रातोरात येतोस. काल नातवाला नावानं हाक मारणारी आजी आज त्याला चोर समजते, दुपारी सावरते, दिवेलागणीला पुन्हा बरळते. हा चढउतार तुझी पहिली खूण. दुसरी, लक्ष न टिकणं. शाळा न पाहिलेल्या आजीलाही आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगता येतं. विसराळूपणाच्या सुरुवातीला ते बहुधा जमतं. तू असलास की दोन वारांतच धागा सुटतो. 1990 साली शॅरन इनोये आणि सहकाऱ्यांनी मांडलेली तपासणी याच खुणांपासून सुरू होते.

कधी तू आरडाओरडा न करता येतोस. म्हातारा नुसता पडून राहतो आणि घर म्हणतं, ‘झोपू द्या.’ तेव्हा तू सर्वांत जास्त निसटतोस.

तुझ्यामागे कारण असतंच: लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, मे महिन्याचं ऊन, घटलेलं सोडियम, झोपेची गोळी, एकाएकी सुटलेली दारू. 2017 च्या कीटकनाशक फवारणीत या जिल्ह्यातले शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दवाखान्यात पोचले. अशा विषानंही तू येतोस, आणि उताऱ्याचं अ‍ॅट्रोपिन जास्त झालं तरी येतोस. बाहुल्या टाचणीएवढ्या आणि अंग घामानं निथळतंय, तर विष अजून बाकी; बाहुल्या मोठ्या आणि कातडी कोरडी, तापलेली, तर औषधाकडे बघायचं. नुसतं ‘बडबडतोय’ लिहून हात खाटेला बांधले, तर हा फरक कोण पाहणार?

ज्याला आधीच स्मृतिभ्रंश आहे, त्याला तू लवकर गाठतोस. म्हणून ‘त्यांचं नेहमीचंच आहे’ हे वाक्य मला सर्वांत धोक्याचं वाटतं. उशाशी ओळखीचं माणूस, डोळ्यांवर चष्मा, खिडकीतून उजेड, घोटघोट पाणी एवढं घरच्यांनी करावं. डॉक्टरांनी औषधांची पिशवी खाटेवर रिकामी करून एकेक गोळी पाहावी. आणि दोघांनी मिळून आधी एकच विचारावं: हे कधीपासून?

‘कालपासून’ असं उत्तर आलं, तर ते म्हातारपण नव्हे. खांदा कुठं सोललाय ते त्याच रात्री शोधायचं.

— यवतमाळहून, तुझ्यावर नजर ठेवून असलेली एक लेक