साबणावरचे दातांचे व्रण

साबणाच्या वड्यांवर दातांचे व्रण. स्तानिस्लाव लेम यांच्या ‘द इन्व्हिन्सिबल’ (१९६४) या पोलिश कादंबरीतला हा तपशील एकदा वाचला की पाठ सोडत नाही. रेजिस-३ नावाच्या ओसाड ग्रहावर ‘कॉन्डॉर’ हे संशोधन-यान वाळूत उभं आहे. आत अन्नाची कोठारं भरलेली, शस्त्रं हाताशी. आणि माणसं उपाशी मेलेली. त्यांना कुणी जखमी केलं नव्हतं. स्मृती तेवढी पुसली गेली होती, इतकी की काय खायचं आणि काय नाही, हेही तान्ह्या मुलासारखं कळेनासं झालं.

त्यांच्या शोधात आलेल्या दुसऱ्या यानातले शास्त्रज्ञ चाचपडत एका तर्कापाशी पोचतात. लाखो वर्षांपूर्वी परक्या संस्कृतीचं एक यान इथं उतरलं असावं. ते घडवणारे संपले, त्यांची यंत्रं उरली. ती आपसांत झुंजली, बदलत गेली. अजस्र होती ती हरली. वाळवंटातलं ते मोडकं ‘शहर’ म्हणजे त्यांचेच सांगाडे. जिंकले ते माशीएवढे धातूचे जीव. एकेकटा निरुपद्रवी, पण धोका जाणवला की अगणित संख्येनं एकवटून त्यांचा काळा ढग होतो आणि चुंबकीय क्षेत्रानं समोरच्याचा मेंदू कोरा करून टाकतो. सजीव उरलेत ते फक्त समुद्रात. तिथले मासेसुद्धा चुंबकीय क्षेत्राची चाहूल लागताच पळ काढतात.

त्या ढगाचं माणसांशी काडीचंही वैर नाही. रागवायचं तरी कुणावर? तरीही माणसं ‘सायक्लॉप्स’ हे आपलं सर्वांत जबर यंत्र त्याच्यावर सोडतात. खडक वितळतात. अखेर तेच यंत्र भ्रमिष्ट होऊन आपल्याच तळाकडे वळतं आणि माणसांना ते स्वतःच्या हातांनी नष्ट करावं लागतं.

लेम १९२१ साली ल्वूफमध्ये जन्मले. त्या शहरात आधी सोव्हिएत फौजा आल्या, मग जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत. ज्यू कुटुंबातला हा तरुण जर्मन अमलाखाली खोट्या कागदपत्रांच्या आधारे मोटार मेकॅनिकचं काम करत जगला. धनी नाहीसे झाल्यावरही मारतच राहणारी यंत्रणा अशा माणसाला सुचावी, याचं मला नवल वाटत नाही.

कादंबरीत पुढे दुसऱ्या यानातले चौघं बेपत्ता होतात. त्यांना शोधायचं की नाही, हा निर्णय कप्तान होरपाख आपला सहकारी रोहान याच्यावर सोपवतो. रोहान एकटा निघतो, मेंदूची हालचाल लपवणारं एक छोटं उपकरण घेऊन. दरीत डोक्यावर ढग जमतो. त्यात त्याला स्वतःचीच प्रचंड आकृती दिसते, आणि ढग त्याला काही न करता विरतो. जिवंत कुणीच सापडत नाही. तरी रोहानच्या मनात सुडाचा विचार येत नाही. हा ग्रह आहे तसा राहू द्यावा, एवढंच त्याला वाटतं, आणि मला ते पूर्णपणे पटतं.