जकातीचा डॉक्टर

ट्रॉम्बे कोळीवाड्यातल्या आमच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत एका बाकावर दोघं बसायचो. 1976 साली जनता कॉलनी उठवून माणसं चित्ता कॅम्पात आणून टाकली आणि बाकावर तिघं झालो. भिंतीकडेला माझा दोस्त. त्याचं अक्षर मोत्यासारखं, माझं कोंबडीचे पाय. 1979 मध्ये सातवी झाली आणि तो बापाच्या होडीवर गेला. कोणी अडवलं नाही. घरात हात कमी होते, एवढंच.

मी पुढे गेलो तो बाईंमुळे. स्कॉलरशिपचा फॉर्म त्यांनीच भरला, पैसेही त्यांच्याच पर्समधले. मग चेंबूरचं हायस्कूल, आणि 1984 साली परळचं जी. एस. मेडिकल. केईएम आणि हे कॉलेज दोन्ही 1926 पासूनची, दोन्ही म्युनिसिपालिटीचीच. वर्षाची फी एवढी किरकोळ की आईने सुक्या जवळ्याच्या चार पाट्या विकून ती भागवली. वर्गात डॉक्टरांची पोरं होती, मोटारीतून येणारी होती. फी सगळ्यांना तीच.

बाईंचं ऋण मी आयुष्यभर सांगत आलो. दुसरं मात्र फार उशिरा ध्यानात आलं. म्युनिसिपालिटीची मोठी कमाई जकातीची. 2017 पर्यंत शहरात येणाऱ्या मालावर ती लागायची. म्हणजे दोस्ताच्या घरी साबणाची वडी आली, कापड आलं, की चार पैसे नाक्यावर जमा. त्यातून त्याच्या पदरात सात वर्षांची शाळा पडली. माझ्या पदरात तीही, आणि वर शवविच्छेदनाचं टेबल, प्रोफेसर, होस्टेल, सगळंच.

तो होडीवर गेला त्याच 1979 साली मार्सेलो सेलोव्स्की या अर्थतज्ज्ञाचं पुस्तक निघालं: कोलंबियात सरकारी खर्चाचा लाभ कोणाला मिळतो? प्राथमिक शाळेचा पैसा गरिबाच्या पोरापर्यंत पोचतो, कॉलेजचा बराचसा वरच्यांकडे जातो, असा त्याचा हिशेब. मी काही वरच्यांतला नव्हतो. तरी वाचताना कान तापले. माझं आता चेंबूरला खासगी क्लिनिक आहे ना!

मागच्या पावसाळ्यात दोस्त तिथे आला. साखरेने पायाचं बोट काळं पडलेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकारी केसपेपर, घडीवर घडी घातलेला. ‘‘डॉक्टरसाहेब, यात काय लिवलंय?’’ मी नुसता बघत राहिलो, तेव्हा खाली मान घालून हसला.

ड्रेसिंग केलं. औषधं, वेळा, पथ्य, सगळं कागदावर लिहून दिलं. दाराशी जाऊन त्याने चष्मा लावला, कागद उजेडात धरला आणि वळून म्हणाला, ‘‘तुजा अक्षर अजून तसाच हाय रं.’’

मी कागद परत घेतला आणि सावकाश, पाटीवर गिरवतात तसा, पुन्हा लिहायला बसलो.