लंगोट वाळत नाहीत

24 जून 2024, सोमवार. मळवली

लंगोट वाळत नाहीत. सकाळी ओसरीतल्या दोरीवर टाकलेले रात्री हाताला तसेच गार लागतात, वर कुबट वास. लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, त्यातला बहुतेक या चार महिन्यांत. ‘बाळाला कापडीच वापरा’ म्हणून सांगणाऱ्यांनी एकदा आषाढात इथं मुक्कामाला यावं.

शेवटी आईंनी माळ्यावरून बांबूचं डालगं काढायला लावलं. शेगडीत निखारे, वर डालगं पालथं, त्यावर लंगोट आणि दुपटी. निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा नि शेपा. “तुझ्या नवऱ्याचे असेच वाळवलेत,” म्हणाल्या. शेगडी पडवीत ठेवायची, बाळाच्या खोलीत धूर नको, एवढी एक अट मी घातली. ती त्यांनी कुरकुरत मानली.

इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं 2005 मध्ये आणि पुन्हा 2008 मध्ये कापडी आणि टाकाऊ लंगोटांचा हिशेब मांडला होता. कापडी आपोआप चांगले ठरत नाहीत. ते दोरीवर वाळवले, मशीन भरून धुतले आणि पुढच्या बाळालाही वापरले, तर चांगले. विजेच्या ड्रायरमध्ये वाळवले की फायदा संपलाच. आमच्याकडे पुढच्या बाळाची अट आधीच पुरी झालीय. हे लंगोट आजेसासूबाईंच्या सुती लुगड्यांचे, थोरलीनं वापरून मऊ केलेले.

रात्री आणि प्रवासात मात्र डायपर. बाहेरून प्लॅस्टिक, आत पाणी शोषून फुगणारे पॉलिमरचे दाणे. दोन्ही कुजत नाहीत. 2016 च्या घनकचरा नियमांनी ते नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायला सांगितलं होतं. वस्तीत काही जण परसात जाळतात, तो वास विसरता येत नाही.

जुन्या घरांत कचराच नव्हता, असं सगळे कौतुकानं सांगतात. ओढ्यावर उकिडवं बसून लंगोट-दुपटी धुणाऱ्या बाया होत्या, हे त्या कौतुकात कुठंच नसतं. म्हणून आमच्याकडे सकाळची बादली नवऱ्याची. पहिल्या दिवशी आईंनी तोंड फिरवलं. आता त्याच त्याला सांगतात, “साबण कमी लाव, चोळ जास्त.”

14 जुलै, रविवार

भाजे गावाकडे जाणारा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी बंद. थोरलीला घेऊन दुधाला गेले आणि अडकले. कडेनं कणसांची साल, वेफर्सच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. साल शेळ्या खातात. बाकीचं पुढच्या सरीबरोबर ओढ्यात जातं आणि तिथून इंद्रायणीत.

“आई, यांच्या घरी कचऱ्याचा डबा नाही का?”

आहे बाळा, घरी आहे. नियमही आहेत: महाराष्ट्रात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली मार्च 2018 मध्ये. लोणावळा नगरपरिषद 2021 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये देशात दुसरी आली. पहिलं विटा, तिसरं सासवड. मान खरा आहे. पण नगरपरिषदेची हद्द संपते तिथं ग्रामपंचायत सुरू होते, आणि पर्यटकाला कुठली हद्द कुठं संपली हे काय कळणार? शहराची गर्दी गावांत येते, तिच्यामागे सफाईची माणसं येत नाहीत.

20 जुलै, शनिवार. पवन मावळ

माहेरी लावणी. थोरली दिवसभर चिखलात. तिला ‘निसर्गाची ओळख’ वगैरे काही करून द्यायची नव्हती. माणसं कमी होती, म्हणून तरव्याच्या जुड्या खाचरात पोचवायचं काम तिला दिलं. दोन-तीनदा पडली, एकदा रडली, मग इरलं हवं म्हणून हटून बसली. इरलं आता घरात उरलंय कुठं? प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ मिळाली.

संध्याकाळी तिनं मामाला विचारलं, “ही झाडं इंद्रायणी नदीची का?” मामा जोरात हसला. तसा प्रश्न वाईट नव्हता. इंद्रायणी तांदूळ इथलाच, वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातला, 1987 चा. आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून आलेला.

मामा आता राब भाजत नाही. पूर्वी उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या तोडून, पालापाचोळा नि शेण पसरून रोपांची जागा जाळायचे. त्यापायी दरवर्षी आसपासची झाडं बोडकी व्हायची. त्याऐवजी तो डॉ. एन. के. सावंतांची चारसूत्री करतो: भाताचा तूस-पेंढा पुन्हा शेतातच, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलात, दोरी धरून अंतरावर लावणी, आणि चार रोपांच्या चौकोनात मधोमध खताची एक गोळी. गोळी खोचायला लहान हात बरे पडतात. थोरलीनं एक अख्खी ओळ खोचली आणि मग प्रत्येक येणाऱ्याला ती ओळ दाखवत सुटली.

9 ऑगस्ट, शुक्रवार. नागपंचमी

आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडली. बाईच्या हाताला वर्षातून एक दिवस तरी सणानंच सुट्टी लावून दिलीय, तीही अर्धीच. पुरण कुणी वाटायचं?

थोरली नळ सोडून खेळत होती. ओरडले नाही. तिला सांगितलं की 2011 मध्ये याच तारखेला बऊरला काय झालं. पवना धरणाचं पाणी बंद जलवाहिनीनं पिंपरी-चिंचवडला न्यायचं होतं. शेतकरी विरोध करायला द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तीन जण गेले. धरणात जमिनी गेलेल्या अनेकांचं पुनर्वसन तेव्हाही रखडलेलं होतं, आजही आहे.

एवढ्या लहान मुलीला हे सांगावं का, असं नवऱ्यानं रात्री विचारलं. माझं म्हणणं, दात घासताना नळ बंद करायला आपण सांगतो तेव्हा पाणी कुणाचं, हेही सांगायला हवं. नाहीतर ती नुसती शिस्त होते. शहरातल्या तिच्या आतेभावंडांनीही ते ऐकायला हवं. त्यांच्या बादलीतलं पाणी पवनेचंच आहे, फक्त ते रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेलं.

6 सप्टेंबर, शुक्रवार

गणपती घरीच केला, खाचरातल्या चिकणमातीचा. सोंड तडकली, ओल्या बोटानं बुजवली. शाडूचाच हवा, असा आईंचा आग्रह होता. पण शाडू गुजरातेतून येतो आणि चिकणमाती दाराशी पडलीय. विसर्जन बादलीत करायचं, मग माती कढीपत्त्याच्या बुंध्याला.

27 ऑक्टोबर, रविवार

उद्या वसुबारस. अंगणात किल्ला सुरू. दारातून लोहगड आणि विसापूर दोन्ही दिसतात, त्यामुळे कुठला करायचा यावरच सकाळ गेली. शेवटी लोहगड, विंचूकाट्याची माची करायला मजा येते. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट, वर मातीचा गिलावा. गवतासाठी हळीव पेरले. थोरलीनं करवंटीनं टाकं खोदलं आणि नळीनं भरू दिलं नाही. पन्हाळीखाली ठेवलेल्या घंगाळातलं पाणी वाटीवाटीनं आणलं.

मग मावळ्यांचा वाद. बाजारातल्या प्लॅस्टरच्या, तैलरंग लावलेल्या मूर्ती मी आणल्या नव्हत्या. मातीचे करू म्हटलं. तिनं माळ्यावरचा खोका ओढला. त्यात गेल्या साली कुणीतरी दिलेले प्लॅस्टिकचे मावळे.

“हे नकोत गं, प्लॅस्टिक आहे.”

“मग काय टाकून देऊ?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुने सगळे किल्ल्यावर, नवा एकही घ्यायचा नाही, असं ठरलं. महाराज तेवढे मातीचे, तिनं केलेले, घोड्यापेक्षा मोठे. धाकटा रांगत आला आणि त्यानं एक भालदार उचलून सरळ तोंडात घातला. तो काढून, धुऊन, पुन्हा गणेश दरवाजावर उभा केलाय. आता धाकट्यावर नजर ठेवायला नवऱ्याला बसवलंय.