कात्री लागण्याआधी

डोळा ओळखून त्यावर आपोआप फोकस धरणारे कॅमेरे आले, तेव्हा सेटवर हातानं फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरचे दिवस भरले असं मी उघडपणे म्हणायचो. मी संकलक आहे. आज मी तसं म्हणत नाही.

त्या मतामागे माझी उमेदवारी होती. ती दैनंदिन मालिकांत गेली. तिथे दोन-तीन कॅमेरे एकदम चालायचे आणि प्रत्येक कॅमेरामन आपला झूम, आपला फोकस स्वतःच सांभाळायचा. दोन-तृतीयांश इंची सेन्सर असल्यामुळे पुढचं-मागचं बरंचसं स्पष्टच दिसायचं. नुसत्या फोकससाठी वेगळा माणूस कशाला, असं तेव्हा वाटणं साहजिक होतं. 2010 साली ॲरी अलेक्सा हा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आला. पुढे तसे कॅमेरे टेलिव्हिजनच्या कथांतही रुळले आणि हिशेबच पालटला. 85 मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर टी-2 वर आणि नट 2 मीटरवर असला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 5-6 सेंटिमीटरचा उरतो. संवादाच्या भरात नट जरा पुढे झुकला की डोळे सॉफ्ट. म्हणून फोकस पुलर टेपनं अंतरं मोजतो, जमिनीवर पावलांच्या खुणा चिकटवतो, फॉलो फोकसच्या चकतीवर रेघा मारून ठेवतो.

तरीही हे सगळं मला मोजमापच वाटायचं, आणि मोजमाप यंत्राला चांगलं जमतं.

मत बदललं ते एका वेबमालिकेचे रशेस, म्हणजे न कापलेलं चित्रण, बघताना. पुढे आई भाजी निवडतेय, मागे दारात मुलगा नोकरी गेल्याचं सांगतोय. एका टेकमध्ये मुलानं तोंड उघडताच फोकस त्याच्यावर जातो. दुसऱ्यात तो आईवरच राहतो. मुलाचं बोलून होतं, तिचे हात थांबतात, आणि मग कुठे फोकस दाराकडे सरकतो. पहिल्या टेकमध्ये ती बातमी होती. दुसऱ्यात आईला ते आधीच कळलेलं होतं. संहितेत यातलं काही लिहिलेलं नव्हतं. आवाज मी बदलू शकतो, रंग बदलू शकतो, फ्रेम थोडी कापू शकतो. पण फोकस कधी सरकला ते मला बदलता येत नाही. माझ्या कात्रीआधी सेटवर एक कट होऊन गेला होता, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता.

मुलाखतीत किंवा चालत्या माणसामागे ऑटोफोकस उत्तम काम करतो, हे मी आजही मानतो. अंतर सांगणारी मदत काही नवी नाही. ‘बॅरी लिंडन’ (1975) मधले मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग एफ/0.7 लेन्सवर टिपताना फोकस पुलर डग्लस मिल्सम यांनी बाजूला काटकोनात व्हिडिओ कॅमेरा लावून नटाचं अंतर पाहिलं होतं. फोकस मात्र त्यांच्याच हातात होता. एक चेहरा सोडून दुसऱ्याकडे कधी जायचं, हे त्या प्रसंगात कोणाला काय ठाऊक आहे त्यावर ठरतं.

म्हणून हल्ली मी निर्मात्यांकडे दोन गोष्टींसाठी भांडतो. फोकस पुलरला आदल्या रात्री संहिता द्या आणि त्याच्यासमोर पूर्ण हालचालींची रिहर्सल करा. वेळ वाचवायला सगळ्यात आधी रिहर्सलच कापली जाते. मग उठण्याआधी नटी श्वास घेते की खुर्चीचा हात धरते, हे त्याला पहिल्यांदा कळतं ते कॅमेरा चालू असताना.