कर्दळीला विळा लावा

संपादकांनी दोन अटी घातल्या. लेख परसातल्या तळ्याच्या झाडांवर हवा आणि त्यात रसायनशास्त्र नको. पहिली अट पाळते. दुसरीचं पुढे पाहू.

कोल्हापुरात ताराबाई पार्कातलं एक तळं गेला उन्हाळाभर माझ्या डोक्यात आहे. मालक निवृत्त अभियंते, त्यामुळे बांधकाम चोख. तळ्याशेजारी खडीचा वाफा, त्याच्या तळाशी भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप. पंपाने पाणी या पाइपांत येतं, खडीतून वर चढतं आणि कडेवरून पुन्हा तळ्यात पडतं. यालाच बोग फिल्टर म्हणतात. खडीत कर्दळ, वेखंड आणि छत्रीगवत, तिन्ही माझ्याच यादीतली. पहिलं वर्ष तळातला गोटा दिसावा इतकं पाणी नितळ होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याचा वाटाण्याचा रस्सा झाला. फोन आला, "मॅडम, झाडं एवढी माजलीत, तरी पाणी हिरवंच की!"

मी म्हटलं, "साहेब, माजलीत म्हणूनच. कापा."

"एवढी फुललेली कर्दळ कापायची?"

त्यांनी ती कापली नाही. अजूनही कापलेली नाही.

लोकांना वाटतं, झाड घाण खातं आणि घाण नाहीशी होते. नाहीशी काहीच होत नाही. माशांना घातलेल्या 100 ग्रॅम खाद्यात 40 टक्के प्रथिनं असतील, तर त्यात सुमारे साडेसहा ग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला थोडा माशाच्या अंगाला लागतो, बाकीचा अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. खडीवर चिकटून राहणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिलं रूपांतर नायट्रोसोमोनास करतो आणि दुसरं... थांबते. मुद्दा एवढाच की नायट्रेट हे खत आहे. ते कर्दळीने उचललं नाही, तर शेवाळ उचलतं. पाणी हिरवं होतं ते याच तरंगत्या शेवाळामुळे.

आता माझ्या आवडत्या भांडणाकडे येते. पाणी कोण साफ करतं, झाडं की जिवाणू? 1950 च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल या बाईंनी पाण्यातल्या लव्हाळ्यावर प्रयोग केले आणि झाडं दूषित पाणी सुधारू शकतात, असं मांडलं. तेव्हा त्यांना बरीच टिंगल सोसावी लागली. पुढे राइनहोल्ड किकुट यांनी खडीऐवजी माती घेतली. देवनळाची मुळं माती पोखरून पाण्याला वाट करून देतील, असा त्यांचा दावा होता. पुष्कळ ठिकाणी तसं घडलं नाही. पाणी मातीवरूनच वाहून गेलं. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेने फायटोरिड नावाची पद्धत विकसित केली. तिच्यातही आधी गाळ बसवायची टाकी आणि मग खडी-झाडांचे वाफे असतात. माझं मत असं की सांडपाण्याच्या वाफ्यात जास्त काम जिवाणूंचं असतं. झाडांची मुळं त्यांना बसायला जागा आणि थोडा प्राणवायू देतात. परसातल्या तळ्यात मात्र घाणीचा भार कमी असतो, म्हणून तिथे झाडांचा वाटा मोठा. फॉस्फरसच्या बाबतीत तर वादच नको. नायट्रोजन निदान वायू होऊन उडू शकतो. फॉस्फरसला उडता येत नाही. तो तळ्याबाहेर जातो तो गाळातून किंवा कापलेल्या पाल्यातून. पाला तिथेच पिवळा पडून कुजला, तर झाडाने वर्षभर केलेली साठवण पुन्हा पाण्यात येते.

म्हणून झाड निवडताना मी फूल नंतर बघते. कापल्यावर ते किती जोमाने फुटतं, हे आधी. ऊस तुटल्यावर खोडवा कसा फुटतो, हे या जिल्ह्यात कुणाला शिकवायला नको. कर्दळ तशीच आहे. अळूही भरपूर खातं. वेखंड सावकाश वाढतं, पण मुळांचं जाळं दाट करतं. कडेला जलब्राह्मी पसरू द्यावी. पाणकणीस मी घरात लावू देत नाही. त्याची टोकदार मुळं तळाशी अंथरलेला प्लास्टिकचा कागद फोडतात आणि कापूस शेजारच्या वाळवणावर उडतो. कमळाला चिखल आणि संथ पाणी लागतं, त्याचं या वाफ्यात काम नाही. कुमुदिनी मुख्य तळ्यात लावावी. तिच्या पानांच्या सावलीत शेवाळाला ऊन कमी मिळतं.

जलपर्णी शुद्धीकरण करते, हे खरं आहे आणि माझा सगळ्यात जास्त वेळ हेच वाक्य खातं. तिच्याइतकं अधाशी झाड दुसरं नाही. पण उन्हाळ्यात दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते आणि काढली नाही तर पाण्यातच कुजते. पंचगंगेचा इचलकरंजी-शिरोळचा पट्टा पाहिलेल्या माणसाने तरी ती विकत आणू नये.

रोप लावताना मुळांची माती पूर्ण धुवावी. आपल्या माळ्यांना काळी माती आणि शेणखत घातल्याशिवाय चैन पडत नाही. ते म्हणजे तळ्यालाच खत घालणं झालं. फुटभर जाडीचा, धुतलेल्या काळ्या खडीचा थर पुरे. पांढरे संगमरवरी तुकडे नकोत, त्यांनी पाणी जड होतं. मासे असतील तर वाफा तळ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा ठेवावा. पंप बंद ठेवून वीज वाचवू नये, वाहत्या पाण्यावाचून जिवाणू गुदमरतात. डासांवरून शेजाऱ्यांनी तक्रार केली, तर पाणी खडीच्या आत वाहतं, हे दाखवून द्यावं.

"रंकाळा तलावालाही असंच करता येईल का?" हा संपादकांचा शेवटचा प्रश्न. उष्ण हवेत सांडपाण्यासाठी माणशी साधारण एक चौरस मीटर वाफा धरतात. 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती. म्हणजे सगळ्या शहराच्या सांडपाण्यासाठी पंचावन्न हेक्टर, सव्वाशे एकरांहून जास्त. ती जमीन कोण देणार? नाल्यातलं सांडपाणी रंकाळ्यात येण्याआधी अडवून शुद्ध करणं हाच मार्ग आहे. तळ्यात झाडांचे तराफे सोडले की फोटो चांगले येतात. बंगल्यांची तळी नितळ ठेवून मी पोट भरते आणि रंकाळ्याबद्दल मतं देते, याची लाज कधी कधी वाटते.

परदेशी पुस्तकं सांगतात, थंडीत झाडं सुकली की वर्षातून एकदा छाटा. कोल्हापुरात बर्फ पडत नाही, कर्दळ बारा महिने वाढते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एक तृतीयांश झाडं कापावीत, पाण्याच्या पातळीच्या वर. सगळी एकदम नकोत, नाहीतर मुळांकडे जाणारी हवा तुटते. आणि कापलेल्या पाल्याचा ढीग तळ्याच्या उताराखाली लावावा. वरच्या बाजूला लावलात, तर मृगाच्या पहिल्या सरीला त्याचा सगळा रस तळ्यात उतरेल आणि तुम्ही मला फोन कराल.