वळिवड्याची छावणी आणि युद्धानंतरचं जगणं

युद्धातून वाचलेल्या माणसाला अन्न, औषध लागतंच. पण तो सावरतो तो स्वतःचा संसार पुन्हा स्वतःच्या हातात आला म्हणजे, असं माझं मत आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीचा इतिहास वाचताना ते पक्कं होत गेलं. 1940-41 मध्ये सोविएत राजवटीने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं घरांतून उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. थंडी, भूक आणि टायफसमधून तगलेल्यांपैकी काही 1942 मध्ये इराणला पोचले. त्यांतले सुमारे 5000 जण 1943 पासून वळिवड्याला राहिले. बहुतेक बायका आणि मुलं, कारण पुरुष सैन्यात तरी होते किंवा मेलेले तरी. इथे एका पंगतीत बसवून वाढण्याऐवजी कुटुंबाकुटुंबाला वेगळी चूल मिळाली. शाळा पोलिश भाषेतली, सोबत चर्च, दवाखाना, नाटकं, स्काउटचं पथक. उपासमारीत आपल्या लेकरांपुढे हतबल झालेल्या आईला आज काय रांधायचं हे ठरवता येणं ही लहान गोष्ट नव्हे.

यावर कोणी म्हणेल, पैसा लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारचा, यात करुणा कुठली? पण तेवढ्याच पैशात कुंपणाआडचा कोंडवाडाही उभा राहिला असता. पैसा कसा वापरला, यातच माणुसकी दिसते. म्हणून तर त्या वेळची मुलं म्हातारपणी, अगदी 2019 मध्येही, वळिवडं पाहायला आली.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. त्याच 1943 मध्ये बंगालात लाखो लोक उपाशी मेले. हे सत्य झाकू नये. मात्र त्याने दोषी ठरतं ते राज्यकर्त्यांचं धोरण, वळिवड्याची वागणूक नव्हे. उलट मनावर घेतलं तर काय करता येतं, हेच इथे दिसतं.

आणि न्यायाचं काय? सोविएत राजवटीने केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कातिन हत्याकांडाची कबुली मॉस्कोने 1990 मध्ये दिली. वळिवड्याच्या मायेने न्यायाची पोकळी भरली नाही, भरणारही नव्हती. पण कातिनमध्ये बाप गमावलेल्या मुलाचं बालपण पन्नास वर्षं थांबवून ठेवता येत नाही. त्याला शाळेत धाडावंच लागतं, आणि न्यायाची मागणी करायलाही ते मूल धड वाढावं लागतं.

पोलिश कुटुंबं 1948 पर्यंत निघून गेली. त्यांची गावं सोविएत हद्दीत गेल्यामुळे अनेकांना मायदेशीही परतता आलं नाही. रिकाम्या झालेल्या वसाहतीत फाळणीने उखडलेले सिंधी लोक आले आणि व्यापाराला लागले. आज तिथे गांधीनगर आहे, कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध.