न कळलेली तिथी

आपल्याकडे मृताचे स्मरण तिथीने होते, पाश्चात्त्यांकडे तारखेने. तिथी ठाऊक नसेल तर आपल्या शास्त्राने सर्वपित्री अमावस्येची सोय करून ठेविली आहे. परंतु मरणच ठाऊक नसेल तर काय करावे, हा प्रश्न कोणत्याही धर्मास सोपा नाही. काही वर्षांमागे १० फेब्रुवारीस कोल्हापुरातील एका चर्चमध्ये प्रार्थनेस बसण्याचा योग आला, तेव्हा तो आमच्यापुढे उभा राहिला.

प्रार्थना होती पोलिश निर्वासितांसाठी. येथून जवळच वळिवडे येथे १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक असते. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे रशियन शिपायांनी पूर्व पोलंडातील हजारो घरांची दारे ठोठावली आणि कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंडून सायबेरियाकडे धाडली. पुढे १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली, तेव्हा स्टालिनला पोलिशांचे साह्य हवेसे झाले व हे लोक सुटले. त्यांतले काही इराणमार्गे येथवर आले. छावणीत शाळा होत्या, इस्पितळ होते, नाटके होत, आणि अर्थात चर्चही होते. राहणारांत बहुतेक स्त्रिया व मुले. कर्ते पुरुष कोणी सैन्यात, कोणी वाटेतच मेलेले, आणि कोणी नुसतेच नाहीसे झालेले.

रशियाच्या कैदेतील पोलिश अधिकाऱ्यांची पत्रे १९४० च्या वसंतात एकाएकी बंद पडली होती. एप्रिल १९४३ मध्ये जर्मनांनी कातिनच्या अरण्यात प्रेते सापडल्याचे जाहीर केले. रशियाने ते पाप जर्मनांच्याच माथी मारले. कातिन व इतर ठिकाणी मिळून बळी सुमारे बावीस हजार. त्याची कबुली मॉस्कोने दिली ती १९९० साली!

चर्चमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. केव्हा उभे राहावे, केव्हा गुडघे टेकावे, हे पुढच्यांकडे पाहून करीत होतो. प्राध्यापकाने असे अधूनमधून विद्यार्थी होणे बरे. फादरांची प्रार्थना मराठीत, नावे मात्र पोलिश. त्या उच्चारांशी चाललेली त्यांची झटापट ऐकून पाहुण्यांतील एक वृद्ध बाई मायेने हसल्या.

नंतर त्यांच्याशी बोलणे झाले. त्यांचे बालपण वळिवड्यास गेलेले. वडील अधिकारी, पत्रे बंद झालेली. छावणीतल्या चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना असे, तेव्हा त्यांची आई वडिलांचे नाव देत नसे; जिवंतांसाठी असे, तेव्हा देई. “आम्हां मुलांना वाटे,” बाई म्हणाल्या, “आई ज्या दिवशी ते नाव मृतांत घालील, त्या दिवशी बाबा मरतील.”

आम्हांस आमच्या आईच्या मावशीची आठवण झाली. तिचे यजमान दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर मलायास गेले. ते आले नाहीत, की मेल्याची तारही आली नाही. बारा वर्षे लोटल्यावर दिरांनी पालाशविधीची गोष्ट काढली. पळसाच्या पानांचा देह करून त्यास अग्नी द्यावयाचा, म्हणजे मागल्यांची सुटका झाली. मावशी म्हणाली, “ते आले म्हणजे त्यांनाच विचारा.” कुंकू तिने अखेरपर्यंत पुसले नाही. शास्त्राने सुटका देऊ केली होती. तिला ती नको होती, एवढेच. घरातले शहाणे लोक तिला हट्टी म्हणत.

दुपारी बाईंना वळिवडे पाहावयाचे होते. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले; आजचे गांधीनगर ते हेच, जेथे अर्धे कोल्हापूर लग्नाचा बस्ता बांधावयास जाते. कापडाच्या दुकानांमधून बाई आपली बराक शोधीत होत्या. ऊन फार होते. एका म्हाताऱ्या दुकानदाराने आत बोलावून खुर्ची दिली, पाणी दिले आणि कोठून आलात म्हणून विचारले. बाईंनी सांगितले. मग त्याने आपले वडील सिंधमधून कसे आले ते सांगितले. दोघांचे बोलणे बराच वेळ चालले. दुभाष्याचे काम आमच्याकडे होते.